मलेरिया संपवायला पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि कधी आटतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बरीच वर्षं जिल्हा पातळीवर आरोग्याच्या हिशोबाचं काम करते, त्यात हिवतापाचं बजेटही माझ्याकडे असतं. गावात, लग्नात, एसटीत कुठेही कळलं की लोक हेच प्रश्न विचारतात, आणि दरवेळी नव्याने सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते म्हटलं. कागदपत्रात याला हिवताप म्हणतात, बोलताना सगळे मलेरियाच म्हणतात, मी दोन्ही वापरणारे.

मलेरिया काय, चार गोळ्या खाल्ल्या की बरा होतो. त्याला करोडो रुपये कशाला लागतात?

गोळ्या खरंच स्वस्त आहेत, खर्च गोळ्यांचा नाहीच. खर्च आहे तो माणूस शोधण्याचा. ताप आलेल्या प्रत्येकाचं रक्त तपासायचं, ते तपासणारा माणूस नदीपलीकडच्या पाड्यापर्यंत पोचला पाहिजे, त्याच्या पिशवीत किट पाहिजे, स्लाइड घेतली तर ती वेळेत लॅबला गेली पाहिजे आणि तिथे मायक्रोस्कोपवर बसणारं कोणीतरी पाहिजे. मलेरियाच्या जंतूचे आपल्याकडे मुख्य दोन प्रकार, व्हायव्हॅक्स आणि फॅल्सिपेरम. व्हायव्हॅक्स निघाला तर क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस द्यायची, आणि ती चौदा दिवस खाल्ली का हे बघायचं, कारण तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि उरलेल्या गोळ्या कोनाड्यात पडून राहतात. मग दोन तीन महिन्यांनी तोच माणूस पुन्हा तापतो, कारण जंतू लिव्हरमध्ये लपून बसलेले असतात. फॅल्सिपेरम निघाला तर उशीर चालतच नाही, तो मेंदूत गेला की माणूस हातचा जातो.

त्याशिवाय घरोघरी फवारणी, औषध लावलेल्या मच्छरदाण्या, गप्पी मासे, गाड्या, डिझेल. पण आमच्या वर्षाच्या एकूण हिशोबात सगळ्यात जड आकडा पगारांचा असतो आणि तो तसाच असायला पाहिजे, कारण हे काम माणसांनीच होतं.

हा पैसा नेमका कोण देतं? केंद्र की राज्य?

दोघंही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातून जो पैसा येतो त्यात साधारण 60 टक्के केंद्राचा आणि 40 टक्के राज्याचा वाटा असतो, ईशान्येकडच्या आणि हिमालयातल्या राज्यांना 90:10. केंद्राकडून काही रोख येतं आणि काही वस्तूंच्या रूपात. मच्छरदाण्यांची खरेदी तर मोठ्या प्रमाणावर वरूनच होते, जिल्ह्याला चेक येत नाही, ट्रक येतो. हिवताप विभागाच्या कायम कर्मचाऱ्यांचे पगार राज्याच्या तिजोरीतून जातात. आपल्याकडे या सगळ्याचं राज्य पातळीवरचं ऑफिस पुण्यात आहे, सहसंचालक हिवताप, हत्तीरोग व जलजन्य रोग असं लांबलचक नाव आहे त्याचं.

तिसरा हात म्हणजे ग्लोबल फंड. 2002 साली सुरू झालेली ही आंतरराष्ट्रीय संस्था एड्स, टीबी आणि मलेरिया या तीनच आजारांसाठी पैसा देते. भारताला तिच्याकडून मलेरियासाठी 2005 पासून पैसा मिळतोय, सुरुवातीला मुख्यतः ईशान्येकडची राज्यं आणि ओडिशा, झारखंड, पश्चिम बंगाल. आत्ता जो प्रकल्प चालू आहे त्यात 12 राज्यांतले 159 जिल्हे आहेत आणि त्यातून मच्छरदाण्या, डासांचा अभ्यास आणि रुग्णनोंदीची यंत्रणा यावर भर आहे. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं की भारत याच ग्लोबल फंडाला स्वतःच्या खिशातून पैसेही देतो.

त्याआधी वर्ल्ड बँकेचं कर्ज होतं, 1997 पासून, आदिवासी भागांसाठी, त्यात महाराष्ट्रही होता. जुन्या कर्मचाऱ्यांना अजून तो "वर्ल्ड बँकेचा काळ" म्हणून आठवतो.

जिल्ह्याला पैसे मिळतात ते कसे ठरतं? पीआयपी पीआयपी म्हणतात ते काय?

पीआयपी म्हणजे पुढच्या वर्षी काय करणार आणि त्याला किती लागेल याचा आराखडा. तालुक्याकडून जिल्ह्याला, जिल्ह्याकडून राज्याला, राज्याकडून दिल्लीला जातो. तिथे बैठक होते, काही मंजूर काही नामंजूर, आणि मग मंजुरीचा कागद येतो त्याला सगळे आरओपी म्हणतात. त्यानंतर पैसा प्रत्यक्ष खात्यात दिसायला जो वेळ लागतो ना, तिथे खरा जीव जातो.

कारण सरकारी वर्ष 1 एप्रिलला सुरू होतं आणि डासांचं वर्ष जूनला. फवारणीचा पहिला राउंड पावसाच्या तोंडावर व्हायला पाहिजे, दुसरा साधारण अडीच महिन्यांनी. त्यासाठी हंगामी माणसं लावायची असतात, एका टोळीत पाच क्षेत्र कर्मचारी आणि त्यांच्यावर एक वरिष्ठ क्षेत्र कर्मचारी, दोन पंप. ही माणसं रोजंदारीवर असतात, मे महिन्यात त्यांना सांगावं लागतं की या. पण एप्रिलमध्ये मागच्या वर्षीचे हिशोब बंद होत असतात, उपयोगिता प्रमाणपत्रं, म्हणजे दिलेला पैसा कशावर खर्च झाला याचे दाखले, जायची असतात, आणि ती गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही.

एका वर्षी मी स्वतः हे बघितलंय. मंजुरी होती, औषध गोडाऊनला होतं, पंप दुरुस्त करून ठेवले होते, फक्त मजुरीचे पैसे खात्यात नव्हते. ते आले जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात. तोपर्यंत नाल्याला पाणी आलं आणि पलीकडची गावं तुटली. टोळी या काठावर पंप घेऊन बसली होती आणि पलीकडून एक बाप तापाने फणफणलेलं पोर खांद्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून इकडे आला, ते पोर वाचलं. पण त्या वर्षीच्या खर्चाच्या तक्त्यात आमचा खर्च जवळजवळ शंभर टक्के दिसतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते की किती टक्के खर्च झाला हे विचारू नका, कुठल्या तारखेला झाला ते विचारा.

आशाताईंना यातले किती मिळतात?

एक रक्तनमुना घेतला किंवा किटने टेस्ट केली की 15 रुपये, हा दर कितीतरी वर्षं तोच आहे. पॉझिटिव्ह निघालेल्या पेशंटचा उपचार पूर्ण करून घेतला की त्याचे वेगळे मिळतात.

पंधरा रुपयांत काय काय येतं ते एकदा बघा. घरी जायचं, ताप कधीपासून विचारायचं, बोट पुसायचं, टोचायचं, लहान मूल असेल तर ते रडणार त्याला धरायचं, जाड थर पातळ थर काढायचा, वाळवायचा, पेन्सिलने नंबर टाकायचा, फॉर्म भरायचा आणि स्लाइड पोचती करायची. ताई हे करतात म्हणून देशाची सगळी आकडेवारी उभी आहे. त्यांचे पैसे तीन तीन महिने थकले की काय होतं हे मला आकड्यात दिसतं, त्या महिन्यांत स्लाइड कमी येतात आणि वर बसलेल्यांना वाटतं मलेरिया कमी झाला.

पण केसेस खरंच कमी झाल्यात ना? मग खर्चही कमी व्हायला पाहिजे.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे म्हणून जरा लांब उत्तर देते.

केसेस खरंच कमी झाल्यात. देशात 2015 ला 11 लाख 69 हजार रुग्ण नोंदले होते, 2023 ला 2 लाख 27 हजार. मृत्यू 384 वरून 83 वर आले. आणि तपासण्या कमी केल्या म्हणून आकडे पडले असंही नाही, या काळात लोकसंख्येच्या मानाने तपासण्या वाढल्यात. 2024 ला जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वाधिक भार असलेल्या देशांच्या गटातून भारत बाहेर पडला. ही मोठी गोष्ट आहे आणि त्यामागे हजारो माणसांचे पाय झिजलेत.

पण खर्च कमी का होत नाही ते एका गावाच्या हिशोबाने बघू. हजार लोकवस्तीचं गाव धरा. नियम असा की वर्षाला किमान 10 टक्के लोकांचं रक्त तपासलं गेलं पाहिजे, म्हणजे 100 तपासण्या, 15 रुपयांनी 1500 रुपये. गावात वर्षाला 20 पॉझिटिव्ह निघत असतील तर एक पेशंट शोधायला फक्त आशाताईंच्या मानधनाचे 75 रुपये पडले. तेच गाव सुधारलं आणि वर्षाला एकच पॉझिटिव्ह निघाला, तरी तपासण्या 100 च कराव्या लागणार, म्हणजे तो एक पेशंट 1500 रुपयांना पडला, वीसपट. यात लॅब, गाडी, पगार काहीच धरलेलं नाही. आणि तो एक सापडला नाही तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वीस. ऑडिटला किंवा एखाद्या मीटिंगला हा आकडा ठेवला की लगेच कोणीतरी म्हणतं की एका पेशंटमागे एवढा खर्च, हे परवडत नाही. त्यांना मी हेच सांगते, तुम्ही त्या एका पेशंटचे पैसे देत नाही आहात, न झालेल्या एकोणिसांचे देताय.

अजून एक अडचण आहे. औषधी मच्छरदाण्या वाटताना एपीआय बघतात, म्हणजे वर्षाला हजार लोकांमागे किती रुग्ण. तो 1 च्या वर असलेल्या भागाला मच्छरदाण्या मिळण्यात प्राधान्य. या मच्छरदाणीचं औषध साधारण तीन वर्षं टिकतं. म्हणजे मच्छरदाण्यांमुळे गावाचा एपीआय खाली आला, तीन वर्षांनी त्या फाटल्या, आणि नवीन मागायला गेलो तर तुमचा एपीआय कमी आहे म्हणतात. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा माझा विश्वासच बसला नव्हता. ज्याने चांगलं काम केलं त्याचंच सामान आधी बंद होतं हे बदललं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पैसे कमी केले म्हणून मलेरिया परत आला असं खरंच कुठे झालंय का?

आपल्याच देशात झालंय. स्वातंत्र्याच्या वेळी भारतात वर्षाला अंदाजे साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि आठ लाख मरायचे. 1953 ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, 1958 ला त्याचं नाव थेट निर्मूलन कार्यक्रम झालं, अमेरिकेची मोठी मदत होती, घरोघरी डीडीटी मारली, आणि 1965 पर्यंत रुग्ण आले एक लाखावर आणि मृत्यूची नोंद शून्य. जिंकलोच असं वाटलं. मग परदेशी मदत आटली, डीडीटी वेळेवर पोचेना, डासही तिला दाद देईनासे झाले, मलेरियाची खास माणसं साध्या आरोग्य सेवेत मिसळून टाकली जी तेव्हा खेड्यात नीट उभीही नव्हती. 1976 ला रुग्ण झाले 64 लाखांवर. 1977 ला पुन्हा नवीन योजना करावी लागली आणि निर्मूलनाचं ध्येयच बरीच वर्षं बाजूला पडलं.

श्रीलंकेत तर याहून वाईट. 1963 साली अख्ख्या देशात 17 रुग्ण, सतरा! फवारणी थांबवली, आणि 1969 पर्यंत पाच लाखांच्या वर गेले. 2012 ला जगभरातल्या अशा घटनांचा एक आढावा निघाला होता, त्यात 61 देशांतली 75 उदाहरणं होती आणि त्यातल्या 68 ठिकाणी कार्यक्रम ढिला पडणं हे एक कारण होतं, आणि ढिला पडण्यामागे सगळ्यात जास्त वेळा पैशाची चणचण.

ओडिशाचं नाव नेहमी घेतात. त्यांनी काय वेगळं केलं?

त्यांनी 2017 पासून स्वतःच्या राज्याच्या बजेटमधून दुर्गम भागासाठी 'दमन' नावाची योजना चालवली. गावात कॅम्प लावायचा आणि ताप असो नसो सगळ्यांचं रक्त तपासायचं, कारण जंगलभागात कितीतरी लोकांच्या अंगात जंतू असतात पण ताप नसतो, आणि डास त्यांच्याकडूनच उचलतो. त्याच सुमारास एक कोटीच्या वर मच्छरदाण्या वाटल्या. 2017 ला साडेतीन लाखांच्या आसपास रुग्ण होते ते 2018 ला 66 हजारांवर आले, एका वर्षात. दिल्लीच्या हप्त्याची वाट न बघता राज्याने स्वतःचा पैसा घातला ही यातली मोठी गोष्ट. पण पुढे, कोविडमध्ये कॅम्पमध्ये खंड पडला आणि अलीकडे तिथले आकडे पुन्हा वर गेलेत. म्हणजे तिथेही तेच.

महाराष्ट्रात मलेरिया म्हणजे गडचिरोलीच का? तिथे पैसे कमी पडतात का?

राज्याच्या ग्रामीण रुग्णांचा मोठा हिस्सा गडचिरोलीतला, त्यातही भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची असे तालुके, छत्तीसगडच्या सीमेला लागून. डासाला राज्याची सीमा कळत नाही आणि माणसंही नात्यागोत्याने, बाजाराला इकडून तिकडे जातात, त्यामुळे एका बाजूने फवारणी करून दुसऱ्या बाजूला नाही केली तर उपयोग अर्धाच.

पैशाची दारं तिथे खरं तर बरीच आहेत. आरोग्य अभियान, आदिवासी उपयोजना, जिल्हा नियोजन समिती, आणि खाणीच्या जिल्ह्यात खनिज प्रतिष्ठानचा निधी, म्हणजे खाणवाल्यांकडून जिल्ह्यासाठी घेतलेला पैसा, ज्यात आरोग्य हा प्राधान्याचा विषय आहे. अडचण अशी की प्रत्येक दाराला वेगळी फाइल, वेगळी मंजुरी, वेगळी तारीख. आणि पैसे असून माणूस मिळत नाही हाही भाग आहे. रिक्त जागा भरल्या नाहीत की ते पैसे वर्षाअखेर शिल्लक दिसतात आणि मग पुढच्या वर्षी, तुम्हाला दिले ते खर्च होत नाहीत म्हणून कमी. फवारणीबद्दल एक सांगते, पैसे खर्चून भिंत फवारली आणि पंधरा दिवसांत सणासाठी ती शेणामातीने सारवली तर औषध मातीखाली गेलं. गावाचे सणवार बघून राउंड लावला तर तेवढ्याच पैशात दुप्पट फायदा, पण त्यासाठी पैसा तेव्हा हातात पाहिजे ना.

मुंबईत कोण खर्च करतं?

मुख्यतः महापालिका, स्वतःच्या बजेटमधून. त्यांचा कीटकनाशक विभाग आहे, ते लोक शिडी घेऊन बिल्डिंगच्या टाक्यांवर चढून अळ्या बघतात. शहरातला मलेरियाचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो, म्हणजे टाकीचं झाकण उघडं, बांधकामावर साठवलेलं पाणी. 2010 ला मुंबईत 76 हजारांवर रुग्ण आणि 145 मृत्यू झाले होते, त्यानंतर यंत्रणेने जोर लावला. शहरात बराचसा खर्च सरकारने करायचाच नसतो, सोसायटीने झाकण बसवायचं असतं आणि बिल्डरने मजुरांची तपासणी करायची असते. गोव्यात बांधकाम मजुरांना हेल्थ कार्ड लागतं आणि त्यासाठी मलेरियाची तपासणी होते, मला ही पद्धत आवडते, जिथे पाणी साठतं तिथल्याच माणसांची तपासणी.

कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा सीएसआर पैसा चालतो का?

चालतो, आणि मध्य प्रदेशच्या मंडला जिल्ह्यात त्याचं चांगलं उदाहरण आहे. आयसीएमआर (केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था), राज्य सरकार आणि सन फार्माच्या सीएसआरमधून उभी राहिलेली संस्था यांनी मिळून 1,233 गावांत काम केलं आणि स्थानिक रुग्ण, म्हणजे बाहेरून ताप घेऊन न येता तिथेच लागण झालेले, 90 टक्क्यांहून जास्त घटले. तिथे नवीन औषध काही नव्हतं, आहे तेच काम वेळेवर आणि कडक देखरेखीखाली केलं. फक्त सीएसआर दोन तीन वर्षांचा असतो. तो संपल्यावर पगार कोण देणार हे पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं.

आता लस आलीय, पुण्यातच बनते म्हणे. मग फवारणी मच्छरदाण्यांवर कशाला खर्च?

आर21 लस ऑक्सफर्डने शोधली, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते आणि ऑक्टोबर 2023 ला जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली. पुणेकरांना याचा अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे. पण ती फॅल्सिपेरमसाठी आहे, चार डोस लागतात, लहान मुलांसाठी आहे आणि आफ्रिकेत जिथे मुलं मोठ्या संख्येने मरतात तिथे ती मुख्यतः जाते. आपल्याकडे व्हायव्हॅक्सही भरपूर आणि रुग्ण सगळ्या वयाचे. म्हणजे मच्छरदाणी आहेच.

अमेरिकेने परदेशी मदत थांबवली त्याचा आपल्याला फटका बसेल का?

सगळ्यात मोठा फटका आफ्रिकेला. जगात 2023 ला मलेरियासाठी 8.3 अब्ज डॉलर लागणार होते आणि मिळाले 4 अब्ज, म्हणजे निम्मेच, आणि हे 2025 च्या कपातीच्या आधीचं. अमेरिका या कामातली सगळ्यात मोठी देणगीदार होती. भारताचा बहुतेक खर्च आपलाच असल्याने इथे कार्यक्रम बंद पडणार नाही. पण ग्लोबल फंडाचाही हात आखडलाय, 2022 ला त्याला 15.7 अब्ज डॉलरची आश्वासनं मिळाली होती, नोव्हेंबर 2025 ला 11.34 अब्ज. त्यांच्या पैशातून ईशान्येकडे, मध्य भारतात ज्या मच्छरदाण्या जातात त्यांची सोय आत्ताच राज्याच्या बजेटमध्ये करून ठेवावी असं माझं मत, कारण मच्छरदाणीची ऑर्डर दिल्यापासून ती खाटेवर टांगेपर्यंत सहज वर्ष जातं.

मलेरियामुक्त सर्टिफिकेट मिळालं की काही बक्षीस मिळतं का? आणि मग खर्च बंद?

बक्षीस काही नाही. सलग तीन वर्षं देशात एकही स्थानिक रुग्ण नाही आणि परत येऊ न देण्याची यंत्रणा पक्की आहे, हे दाखवलं की जागतिक आरोग्य संघटना प्रमाणपत्र देते. भारताचं लक्ष्य 2027 पर्यंत स्थानिक रुग्ण शून्य आणि 2030 पर्यंत निर्मूलन.

खर्च बंद होत नाही. श्रीलंकेला सप्टेंबर 2016 ला प्रमाणपत्र मिळालं, पण त्यांनी मलेरियाचं खातं बंद केलं नाही. बाहेरून येणाऱ्यांची तपासणी चालू, डासांवर नजर चालू. आणि ती चालू होती म्हणूनच त्याच वर्षाच्या शेवटी मन्नारमध्ये स्टीफेन्सी जातीचा डास, तोच आपल्या मुंबईच्या टाक्यांतला, पहिल्यांदा सापडला आणि त्यांना लगेच मागे लागता आलं.

आमच्या ग्रामपंचायतीला यात काय करता येईल?

गावाच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला थोडा अबंधित निधी असतो, त्यातून डबकी बुजवणं, गप्पी माशांचं टाकं, तातडीच्या पेशंटला गाडी असं करता येतं. मोठी रक्कम नसते पण ती वरून कोणाची परवानगी न मागता वापरता येते आणि बऱ्याच गावांत ती पडून राहते. दुसरं, ग्रामसभेत एप्रिल मेमध्येच आरोग्य सेवकाला चार गोष्टी विचारा आणि उत्तर प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या: फवारणीची तारीख कोणती, टोळीच्या मजुरीचे पैसे आलेत का, आशाताईंकडे किट किती आणि त्यांची एक्स्पायरी कधीची, आणि ताईंचे पैसे कुठल्या महिन्यापर्यंत मिळालेत. ठराव झाला तर त्याची कॉपी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना आणि जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना पाठवा, पोच घ्या. माझ्या टेबलावर असे ठराव येतात तेव्हा त्या गावाची फाइल मी स्वतः उठून पुढे नेते, कारण त्या कागदाच्या जोरावर मला वर पैसे मागता येतात.